श्रेयांक पुढे, शिष्यवृत्ती मागे

१९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एक भारतीय विद्यार्थी लंडनला आला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी त्याने नाव नोंदविले. त्याच्या शिक्षणाचा भार बडोदा संस्थानाकडे होता: दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्याच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. लंडनमध्ये वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्याला मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती; परत येण्याच्या खर्चाची हमी मात्र कोणाकडूनच नव्हती.

हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साह्य घेऊन आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या.

ही कथा एका असामान्य पुरुषाच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात दुसराही एक धडा आहे. बुद्धी होती, परिश्रम होते, विद्यापीठाचा प्रवेशही होता. तरीही खर्चाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे तीन वर्षे खंड पडला. बाबासाहेब परत जाऊ शकले. अशा खंडानंतर जे कधीच परत गेले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ साली मजूरखात्याचे सदस्य झाल्यावर बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीचा आग्रह धरला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. तिचे मोल केवळ रुपयांत करता येणार नाही. जे आजवर संस्थानिकाच्या किंवा धनिकाच्या औदार्यावर अवलंबून होते, ते राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. दानाची जागा हक्काने घेतली.

तो हक्क आज कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायचे असेल तर एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्याकडे पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याच्या मुक्त संचाराची मोठी भलामण केली. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पेढीचे नियम जारी केले. एका विद्यापीठात कमावलेले श्रेयांक पेढीत जमा करावेत आणि दुसऱ्या विद्यापीठात ते खर्ची टाकावेत, अशी ही कल्पना. कागदावर ती आकर्षक आहे. परंतु श्रेयांकांबरोबर शिष्यवृत्तीचेही स्थलांतर होते काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षे चालत आलेली अट अशी की, राज्य सरकारची पूर्वसंमती न घेता विद्यार्थ्याने अभ्यासविषय किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने उंबरठ्यावर पहारा बसवायचा, असा हा प्रकार आहे.

समजा, परभणी जिल्ह्यातील एका शेतमजुराची मुलगी तेथील महाविद्यालय सोडून हैदराबादला प्रवेश घेते. जुन्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे सारे तिने गोळा केले. शिष्यवृत्ती मात्र तिला तेलंगण सरकार देणार नाही. विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी, त्या राज्याने ती द्यावयाची, असा नियम आहे. म्हणजे शिक्षण एका राज्यात आणि निर्णय दुसऱ्या राज्यात. अर्जाची पडताळणी नव्या संस्थेने करावयाची, मंजुरी मूळ राज्याने द्यावयाची, आणि राज्याने आपला वाटा दिल्यावरच केंद्राचा वाटा तिच्या खात्यावर जमा व्हावयाचा. शुल्क भरण्याची तारीख मात्र यांपैकी कोणासाठीही थांबत नाही. खाणावळवाला थांबत नाही, घरमालकही थांबत नाही.

प्रतीक्षा सर्वांनाच करावी लागते, असे कोणी म्हणेल. पण प्रतीक्षेचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे नसते. ज्याच्या घरी चार महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, त्याला निर्णय लांबणे ही गैरसोय असते. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्याच्या बाबतीत निर्णय लांबणे हाच नकार असतो. कोणीही 'नाही' म्हणत नाही आणि मुलगी गावी परत जाते. दप्तरात तिची नोंद 'शिक्षण सोडले' एवढीच होते. शिक्षणाने तिला सोडले, हे कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही.

या दिरंगाईचे मूळ कारकुनाच्या आळसात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. ते अर्थकारणात आहे. २०१७-१८ पासून २०१९-२० पर्यंत या योजनेतील केंद्राची वार्षिक मदत सुमारे ११०० कोटी रुपयांवर आली होती. भार राज्यांवर, राज्यांनी तो संस्थांवर आणि संस्थांनी विद्यार्थ्यांवर ढकलला. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी संप केला, तो याच प्रश्नावर: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांना शुल्क आगाऊ भरण्यातून मिळणारी सूट काढून घेण्यात आली होती. देशभर असंतोष वाढल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि केंद्र व राज्य यांचा वाटा ६० व ४० टक्के ठरविला. ही सुधारणा खरीच आहे, आणि ती कोणाच्या कृपेने झालेली नाही. पण वाटा ठरला म्हणून वेळ ठरली, असे होत नाही.

पूर्वसंमतीची अट नसेल तर एकच विद्यार्थी दोन ठिकाणी शिष्यवृत्ती उचलील, असा आक्षेप घेतला जाईल. तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ज्या यंत्रणेला विद्यार्थ्याचा प्रत्येक श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेता येतो, तिला त्याच्या शिष्यवृत्तीची नोंद नेता येत नाही काय? अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, प्रवेश बदलल्याची नोंद होताच शिष्यवृत्तीही त्याच नोंदीने पुढे जावी. वेगळ्या संमतीची अट रद्द व्हावी. दुसरी, अर्जाच्या निर्णयाला मुदत असावी आणि मुदतीत निर्णय न झाल्यास तो मंजूर समजावा. तिसरी, निर्णय होईपर्यंत कोणत्याही संस्थेने शुल्कासाठी प्रवेश, परीक्षा किंवा दाखला अडवू नये. सरकारी-खाजगी असा भेद येथे मान्य होता कामा नये. चौथी, वसतिगृहाचा व भोजनाचा खर्च सत्राच्या आरंभीच मिळावा.

या मागण्या दिल्लीत मांडल्या जातील, पण त्यांची लढाई महाविद्यालयाच्या खिडकीशी आहे. मराठी कार्यकर्ते इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा अनेक शहरांत विखुरलेले आहेत. जून-जुलैत नवख्या शहरात उतरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अर्ज कोठे अडला आहे हे शोधून देणे, संस्थेच्या कार्यालयात सोबत जाणे, पहिल्या महिन्याच्या खोलीची सोय पाहणे ही कामे लहान वाटतील. पण अशी दहा प्रकरणे हाती आली की दिरंगाईचा पुरावा तयार होतो, आणि पुराव्यावर उभ्या राहिलेल्या मागणीला उत्तर देणे सरकारला भाग पडते. बाबासाहेबांना १९१७ साली मागे फिरावे लागले, तेव्हा कायद्याने कोणी बांधलेले नव्हते. १९४४ नंतर राज्यसंस्था बांधलेली आहे. त्या बंधनाची आठवण तिला दरवर्षी, प्रवेशाच्या प्रत्येक हंगामात, करून दिली पाहिजे.