पहिली होडी कोठून सुटणार?

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या घोषणा होतात, दूरध्वनीचे क्रमांक प्रसिद्ध होतात आणि आपत्तिनिवारणाची बैठक यथासांग पार पडते. आम्हांस या बैठकांकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. उल्हास नदीचे पाणी मध्यरात्री चढले, तर पहिली होडी कोठून सुटणार, तिच्यावर कोण असणार आणि वाचविलेल्या माणसास ती कोठे उतरविणार?

समुद्र नाही तेथे होडीचे काय काम, असे म्हणणाऱ्यांनी २०१९ सालचा जुलै आठवावा. २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली. गाडीत सुमारे १०५० उतारू होते. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टरे आली, चामटोलीचे ग्रामस्थ धावले आणि २७ तारखेच्या दुपारपर्यंत सर्व उतारू सुखरूप बाहेर पडले. त्या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु पहाटेपासून दुपारपर्यंतचा तो अवधी लाभला, तो डबे उंच होते म्हणून! नदीकाठच्या बैठ्या घरात निजलेल्या कुटुंबास पाणी इतकी सवड देईल काय?

१९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ची हाक ऐकून ‘कार्पेथिया’ जहाज अठ्ठावन्न सागरी मैलांवरून निघाले. त्यास पोहोचण्यास साडेतीन तास लागले. कप्तान रॉस्ट्रन यांनी त्या तासांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सर्व वाफ यंत्रास मिळावी म्हणून उतारूंच्या खोल्यांची ऊब बंद केली, हिमनग हेरण्यास जादा पहारेकरी उभे केले, होड्या बाहेर काढून ठेवल्या, तीन भोजनगृहांत तीन डॉक्टर नेमले, कांबळी, सूप व कॉफी सिद्ध ठेवली. लहान मुलांना वर ओढून घेण्यासाठी राखेच्या किंतानी पिशव्या काढल्या! सातशेंहून अधिक जीव वर आले, तेव्हा कोणी कोठे जायचे हे आधीच ठरलेले होते.

आपल्याकडे याचे उलटे चित्रही आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, तेव्हा तिच्यावर बिनतारी संदेशाचे साधन नव्हते. मुंबईस वार्ता पोहोचेपर्यंत कित्येक तास लोटले. सहाशेंहून अधिक माणसे गेली.

होडी खरेदी करून गोदामात ठेवणे ही सिद्धता नव्हे. महिनोन् महिने न चालविलेले इंजिन ऐन वेळी सुरू होत नाही. रबरी होडी कुंपणाच्या तारेने फाटते. वालधुनीच्या पात्रात तर कचरा इतका की, पंखा अडकावयास वेळ लागणार नाही. पुरात गल्ली कोठे व गटार कोठे, हे त्या वस्तीतल्या माणसालाच कळते. म्हणून होडीवर बाहेरच्या जवानासह स्थानिक पोहणाराही हवा आणि त्या दोघांची ओळख पुराच्या रात्री व्हावयास नको. सराव अंधारात, पावसात व वाहत्या पाण्यात व्हावा. छायाचित्रकारास सोयीच्या वेळी, दुपारी तलावात होणारा सराव आम्ही हिशेबात धरीत नाही.

उल्हासनगरची महापालिका व अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका यांच्या हद्दी नकाशावर निराळ्या असतील. नदी त्या मानीत नाही. तिघांनी मिळून १ जूनपूर्वी जाहीर करावे: होड्या किती व कोठे, इंजिन शेवटचे कधी चालविले, रात्रपाळीस कोण, दोर व जीवरक्षक जाकिटे किती, कोणती शाळा वा मंगल कार्यालय निवाऱ्यासाठी उघडणार आणि त्याची किल्ली कोणाकडे. ही माहिती आल्यास आम्ही ती याच जागी छापू. न आल्यास १ जूनच्या अंकात ही जागा कोरी दिसेल.