गाडीचं विलेपन : रॅप करावं की नको?



गाडीवर रंगीत व्हायनल फिल्म चढवायची, म्हणजे गाडी रॅप करायची, हे आता आपल्या घराघरांत माहीत झालंय. मुलाला मॅट काळा रंग हवा असतो, मिस्टरांना वाटतं जुनी गाडी नवी दिसेल, आणि सासूबाई म्हणतात, "अरे, चांगल्या रंगावर प्लास्टिक कशाला चिकटवता?" आपल्याला मात्र शेवटी विचारतात, तेही पैसे काढायची वेळ आली की. म्हणून यावर आपलंही मत तयार असलेलं बरं.

माझं मत आधीच सांगते. गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायचीच आहे, तिचा रंग शाबूत आहे आणि तो जपायचा आहे, तर फिल्मचा विचार करायला हरकत नाही. नुसता रंगाचा कंटाळा आलाय म्हणून करायचं असेल, तर नको.

आपल्यापैकी कितीतरी जणी रोज सकाळी चौदा नियम घेतात. त्यात वाहन आहे आणि विलेपनही आहे. विलेपन म्हणजे अंगाला लावायचं चंदन, उटी, तेल. गाडीची फिल्म त्यात धरत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण रोजच्या वापराला मर्यादा घालावी, हाच तर त्या नियमांचा हेतू. वाहनं किती, एक की दोन, हे आपण मोजतो. त्या एका वाहनात जीव किती अडकलाय, हे कोण मोजणार? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख आसक्तीवरून केली आहे. नव्या रॅपवर कुणाचा तरी ओरखडा पडला आणि घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही, तर गाडी एकच असूनही परिग्रह वाढला म्हणायचा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात. अशा कारखान्यांत गाडीचा सांगाडा प्रायमरमध्ये बुडवतात, त्यावर रंगाचे थर देतात, वरून पारदर्शक कोट देतात आणि भट्टीत भाजतात. गल्लीतल्या गॅरेजमध्ये दिलेला रंग तसा होत नाही. फिल्म लावली की तो मूळ रंग खाली जसाच्या तसा राहतो आणि पुढे फिल्म काढताही येते. आठ वर्षांत बदलायची गाडी त्यामुळे बारा वर्षं आनंदाने वापरली जाणार असेल, तर तो संयमच झाला. नवी गाडी घेण्याइतका आरंभ-समारंभ तरी टळला.

पण फिल्म म्हणजे जादू नव्हे. ज्या गाडीचा वरचा कोट उडालाय, पापुद्रे निघतायत, किंवा अपघातानंतर एखादा दरवाजा बाहेर रंगवलाय, तिथे फिल्म काढताना रंगही सोबत निघून येऊ शकतो. म्हणजे ज्या जुन्या गाडीला झाकायला आपण रॅप करायला निघतो, तिच्यासाठीच तो सगळ्यात कमी योग्य! नाशिकच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. गाडी दिवसभर उन्हात उभी असेल, तर बॉनेट आणि टपावरची फिल्म सगळ्यात आधी खराब होते. मुदतीपेक्षा जास्त ठेवली तर ती ठिसूळ होते, तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो. मॅट फिल्मवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डागही लवकर धरतात. गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुकानात गेलात तर एवढं नक्की विचारा. फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड? कास्ट पातळ असते, वळणांवर नीट बसते आणि जास्त टिकते. कॅलेंडर्ड स्वस्त असते, पण कालांतराने आकसते. फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार का? मग खालच्या रंगावर कायमची रेघ उमटू शकते. दरवाजा उघडल्यावर आतल्या कडेला जुना रंग दिसणार का? आणि काढायचा खर्च किती? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

कायद्याचंही बघा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. संपूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलेलं बरं. मुलांना आवडणारा तो लष्करी हिरवा तर घेऊच नका. ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. 'काचाही काळ्या करून देतो' असं कुणी म्हणालं तर हात जोडा. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

आता जरा नाजूक विषय. काही जण रॅपवर नवकार मंत्र किंवा भगवंतांचं चित्र छापून घ्यायचं म्हणतात. भावना चांगली आहे, पण माझा याला विरोध आहे. पावसाळ्यात त्या चित्रावर चिखल उडणार, धुताना पाणी गटारात जाणार, आणि चार-पाच वर्षांनी ती फिल्म ओरबाडून कचऱ्यात पडणार. ज्या अक्षरांना आपण पाय लागू देत नाही, त्यांची ही आशातना आपल्याच हाताने का करायची?

कचऱ्याचा मुद्दा साध्या फिल्मलाही लागू आहेच. व्हायनल म्हणजे पीव्हीसी. गोंद लागलेली जुनी फिल्म सहसा पुन्हा वापरात येत नाही, आणि कुणी जाळली तर विषारी वायू निघतो. सूक्ष्म जीवांची जयणा पाळणाऱ्या आपण हे नजरेआड कसं करायचं?

राहिला पैसा. पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायची तर खर्च लाखाच्या आसपास सहज जातो. तो पांजरपोळला द्या, असं मी सरसकट म्हणणार नाही. प्रत्येक खर्चाला दानाची तुलना लावली की घरातली तरुण मुलं धर्मापासून लांब पळतात. त्यापेक्षा मुलाला समोर बसवा आणि एकच विचारा, "रॅप केल्यावर ही गाडी किती वर्षं ठेवशील?" 'दोन' म्हणाला तर विषय संपला. 'सहा' म्हणाला तर ते वहीत लिहून घ्या, त्याची सही घ्या आणि मग दुकानात जा. त्यातही फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावून भागतं का, ते आधी बघा. महामार्गावर उडणारे खडे तिथेच बसतात.

आणि काहीच नाही केलं तरी चालतं. दर रविवारी एक बादली पाणी, मऊ कापड आणि सावलीतली जागा, एवढ्यावर पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षं छान राहतात. पाणी मात्र गाळून घ्या हं!

जय जिनेंद्र.