सहा लिटरची बदनामी

बदनाम गाडी घ्यावी का, असे विचारत गिऱ्हाईक गॅरेजात आले की आपल्यातले बहुतेक जण दोनच उत्तरे देतात. ‘नका घेऊ साहेब, डोकेदुखी आहे’ किंवा ‘घ्या बिनधास्त, आम्ही बसलोय ना!’ या दोन्ही उत्तरांसाठी गाडीचे बॉनेटसुद्धा उघडावे लागत नाही. आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाताखालून गेली असेल अशी एक पिकअप या महिन्यात त्यासाठीच संपादकीयात घेतली आहे. डिझेल पिकअपच्या धंद्यात तिच्याइतकी शिव्या खाल्लेली गाडी शोधून सापडणार नाही. ती म्हणजे अमेरिकेतली फोर्ड सुपर ड्यूटी, एफ-250 आणि एफ-350, सहा लिटरच्या पॉवर स्ट्रोक इंजिनाची, 2003 ते 2007 या मॉडेल-वर्षांची.

तिकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ही आजही भरपूर मिळते. चासी दणकट, एक्सल दणकट, 5 गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर मेकॅनिकांच्या पसंतीचा. शेतकरी, बांधकामवाले, घोड्यांचे ट्रेलर ओढणारे अशांसाठीच बांधलेली ही गाडी. पण इंजिनाचे नाव निघाले की भाव पडतो, आणि पडलेला भाव बघून लोक पुन्हा तिच्याकडे वळतात.

हे इंजिन फोर्डने बनवलेले नव्हते. ते नॅव्हिस्टार कंपनीचे, म्हणजे ‘इंटरनॅशनल’ ट्रकवाल्यांचे. त्याआधीचे 7.3 लिटरचे इंजिनही त्यांचेच, आणि त्याची अजून लोक शपथ घेतात. मग धुराचे नियम कडक झाले आणि 7.3 च्या जागी हे व्ही-8 आले: एका सिलिंडरला 4 व्हॉल्व्ह, पाती फिरवून दाब बदलणारा टर्बो, 325 हॉर्सपॉवर आणि पाण्याने थंड होणारा ईजीआर. कागदावर सगळे उत्तम होते. पहिल्याच वर्षी गाड्या इतक्या परत येऊ लागल्या की फोर्डला त्यांतल्या काही गिऱ्हाइकांकडून माघारी विकत घ्याव्या लागल्या. वॉरंटीचा खर्च कोणी सोसायचा यावरून 2007 च्या जानेवारीत फोर्डने नॅव्हिस्टारला कोर्टात खेचले, पुढच्याच महिन्यात नॅव्हिस्टारने काही दिवस इंजिने पाठवणेच थांबवले, आणि 2009 च्या सुरुवातीला दोघांनी आपसात मिटवले. तोवर फोर्डने 6.4 लिटरचे पुढचे इंजिन बाजारात आणले होते. त्यानंतरचे 6.7 मात्र त्यांनी स्वतःच बनवले.

आता आपल्या कामाचा भाग. या इंजिनाचा ऑइल कूलर दोन्ही हेडच्या मधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेकच्या खाली गाडलेला आहे. पाण्याच्या बाजूच्या त्याच्या वाटा अतिशय अरुंद. ब्लॉक ओतताना राहिलेली रेती आणि कंपनीच्या सोनेरी कूलंटमधून सुटणारा सिलिकेटचा चिकट गाळ त्या वाटांमध्ये बसत जातो. इथपर्यंत फक्त ऑइल थोडे गरम राहते, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. पण पाण्याचा रस्ता असा आहे की ऑइल कूलरमधून गेलेले पाणीच पुढे ईजीआर कूलरला मिळते. मागे तुंबले की पुढे कोरडे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पेटत्या वायूचा काही भाग त्या कूलरच्या नळ्यांमधून फिरत असतो. पाणी कमी पडले की ते जागेवर उकळते, नळ्या तडकतात आणि इंजिन पाणी खायला लागते. पांढरा धूर येतो, वरच्या टाकीच्या झाकणातून कूलंट बाहेर फेकले जाते, आणि इथे आपल्या ओळखीचा शेवट येतो: हेड गॅस्केट. 7.3 मध्ये प्रत्येक सिलिंडरभोवती 6 हेड बोल्ट होते, या इंजिनात 4. त्यात मालकाने ताकद वाढवायला चिप बसवली असेल तर दाब वाढून बोल्ट ताणले जातात आणि हेड उचलते.

ही साखळी नीट वाचली तर लक्षात येते की सगळ्यात आधी बिघडणारा भाग सगळ्यात शेवटी दिसतो. गाडी गॅरेजात येते ती ईजीआर कूलर फुटला म्हणून. मेकॅनिक तो बदलतो, पाणी भरतो, धूर थांबतो, बिल होते. खालचा तुंबलेला ऑइल कूलर तसाच. नवा ईजीआर कूलरही त्याच उपासमारीने जातो. मग हेडचे काम निघते, फेसिंग होते, नवे गॅस्केट, नवे बोल्ट, आणि कित्येकदा तेव्हाही ऑइल कूलरला हात लागत नाही, कारण तो ‘गळत नाही’. मालकाच्या खिशातून तीनदा पैसे गेले की तो जाईल तिथे सांगतो की इंजिनच भिकार आहे. डिझाइनमधली चूक खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण या बदनामीतला मोठा वाटा माझ्या मते गॅरेजांनी कमावलेला आहे. हेच इंजिन नॅव्हिस्टारने ‘व्हीटी 365’ या नावाने स्वतःच्या ट्रकमध्ये कमी ताकदीवर चालवले. तिथे त्याच्या नावाने एवढी बोंब झाली नाही.

काहींनी सोपा मार्ग काढला, ईजीआरच काढून टाकला. तिकडे ते बेकायदा आहे, हे एक. दुसरे, ऑइल कूलर तुंबलेलाच राहतो आणि गरम ऑइल बेअरिंगांपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे फिरत राहते. दुखणे हलवले, बरे केले नाही.

तिथल्या चांगल्या मेकॅनिकांनी यावर एक चाचणी बसवली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. गाडी पूर्ण गरम करायची, सपाट हायवेवर ताशी 105 किलोमीटरच्या आसपास एकाच वेगात ठेवायची आणि स्कॅनरवर दोन आकडे बघायचे, ऑइलचे तापमान आणि कूलंटचे तापमान. फरक 15 अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण 8 अंश सेल्सियसपेक्षा जास्त असेल तर ऑइल कूलर तुंबला आहे. विकणारा कितीही गोड बोलो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर तर मुळीच जाऊ नये, तो पाणी बरेच तापेपर्यंत मध्यावरच उभा राहतो. ना इंजिन उघडावे लागते ना नट ढिला करावा लागतो. गाडी घेण्याआधी अर्ध्या तासात हा निकाल हातात येतो.

इंधनाच्या बाजूची गोष्टही अशीच आहे. या इंजिनात नोझल डिझेल पंपाने दाब देऊन उडत नाहीत, इंजिन ऑइलच्या दाबाने उडतात. वेगळा पंप ऑइलचा दाब 250 बारपर्यंत आणि त्याच्याही वर नेतो, आणि एक इलेक्ट्रॉनिक डबा 48 व्होल्ट देऊन इंजेक्टरांची वेळ सांभाळतो. म्हणून इथे सेल्फ मारण्याच्या दोन वेगळ्या परीक्षा घ्याव्या लागतात. पहिली रात्रभर उभ्या गाडीची. इंजेक्टरातले स्पूल व्हॉल्व्ह चिकटत असतील किंवा त्या डब्याचे व्होल्ट 45 च्या खाली गेले असतील तर ती थंडीत मिसिंग करते, धूर सोडते, रडत सुरू होते. आपण जाण्याआधीच विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल, तर ती परीक्षा झालीच नाही असे धरावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत जावे. दुसरी परीक्षा याच्या उलट. गाडी अर्धा तास ओढून बंद करायची आणि लगेच सुरू करायची. गरम ऑइल पातळ असते. दाबाच्या वाटेवर कुठे ओ-रिंग गेली असेल तर थंडीत झाकलेली गळती गरमीत उघडी पडते, दाब बनत नाही आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. 2005 नंतरच्या गाड्यांमध्ये पंपाच्या मागचे खटकन बसणारे कनेक्शन आणि हेडकडे जाणाऱ्या उभ्या नळ्यांच्या ओ-रिंगा यांचा हा नेहमीचा आजार. थंडीत एका सेल्फमध्ये सुरू झाली म्हणून खूश होऊन पैसे मोजणारे कितीतरी.

तो 48 व्होल्टचा डबा मरतो कशाने? बहुतेक वेळा दोन बॅटऱ्यांपैकी एक कमजोर असते, अल्टरनेटर भार पेलत नाही आणि डबा कमी व्होल्टवर जास्त राबून जळतो. डबा कमी व्होल्ट देऊ लागला की इंजेक्टर जातात. डिझेलचा दाब 3 बारच्या खाली घसरला तरी इंजेक्टरच जातात. तो दाब सावरायला तिकडे रेग्युलेटरची निळी स्प्रिंग बदलतात, अगदी किरकोळ खर्चाचे काम. म्हणजे आठ इंजेक्टरांचे बिल बघणाऱ्याने आधी बॅटऱ्या, अल्टरनेटर आणि डिझेलचा दाब विचारायला हवा होता.

टर्बोची पाती गंज आणि काजळीने अडकतात, विशेषतः तासन्‌तास नुसती आयडलला उभी राहिलेल्या गाडीत. म्हणून किलोमीटरबरोबर इंजिनाचे तासही बघावेत. याहून अधिक इथे सांगण्यासारखे नाही.

तर घ्यावी का? माझे मत सांगतो. हेड उडालेली, बंद पडलेली आणि त्याच भावात मिळणारी गाडी, स्वतः काम करणाऱ्याने घ्यावी. तिच्यातला खर्च आधीच दिसतो आहे. केबिन चासीवरून उचलून काम करायचे, हेड बोल्टांच्या जागी स्टड टाकायचे, ऑइल कूलर नवा, कूलंट बदलून सिलिकेट नसलेले, हे सगळे एकदाच. ज्या गाडीची बिले आहेत तीही घ्यावी, मग भाव चढा असला तरी. घेऊ नये ती मधली: धुऊन पुसून चकचकीत, आवाज छान, भाव मधला, कागद काही नाही. या बाजारात दुरुस्त केलेल्या इंजिनाला ‘बुलेटप्रूफ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. शब्द फुकट असतो. कोणत्या भागाचे काम झाले, ऑइल कूलर बदलला का आणि नंतर कोणते कूलंट भरले, ही तीन उत्तरे बिलावर नसतील तर तो शब्द ऐकलाच नाही असे समजावे.

एवढ्या लांबची गोष्ट इथे कशाला, असे कोणी विचारेल. नॅव्हिस्टार आपल्याला अगदीच परकी नाही. 2005 मध्ये तिने महिंद्राशी भागीदारी केली, त्या भागीदारीचे ट्रक चाकणला बनले आणि 2013 मध्ये ती त्यातून बाहेर पडली. त्या ट्रकांचे इंजिन हे नव्हे, आणि त्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. संबंध आहे तो आपल्या दारात आता येऊ लागलेल्या गाड्यांशी. 1 एप्रिल 2020 पासून विकलेली प्रत्येक नवी डिझेल पिकअप बीएस-6 आहे. भाजीपाला, दूध, सिमेंट वाहून झालेल्या त्या गाड्या आता पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे चालल्या आहेत. ईजीआर कूलर त्यांच्यातही आहे, पुढे काजळीचा फिल्टर आहे, सेन्सरांची रांग आहे. पाणी घालताना कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतणारे ड्रायव्हर तेच आहेत. एखादे मॉडेल ‘पाणी खाते’ म्हणून बदनाम होऊ लागले तर ती बदनामी डिझाइनची किती आणि आपली किती, हे आजच ठरते आहे.

आणि ते ठरवण्याच्या आड एक गोष्ट येते, जी बोलायला अवघड जाते. गाडी तपासून दिल्याबद्दल आपण गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाही. चहा घेतो. पैसे एजंटकडून येतात, सौदा झाला तरच. सौदा मोडला तर मेकॅनिकची सकाळ फुकट गेली. अशा व्यवस्थेत कोणाच्या तोंडून ‘घ्या’ निघेल हे सांगायला नको. तपासणीची फी गिऱ्हाइकाकडून, रोख, आधी घ्यावी आणि त्याला लिहून द्यावे: थंड सेल्फ कसा, गरम सेल्फ कसा, ब्रीदरमधून बॅक कॉम्प्रेशन किती, टाकीच्या झाकणाखाली काय दिसले, ऑइल आणि पाणी यांच्या तापमानात फरक किती. ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ हे शब्द त्या कागदावर नसले तरी चालेल. पहिल्या काही गिऱ्हाइकांना फी जड जाईल, कदाचित ती शेजारच्या गॅरेजात जातील. जाऊ द्यावीत.

त्या 15 अंशांसारखा आकडा सहा लिटरसाठी आहे, आपल्या पिकअपना तो जसाच्या तसा लागणार नाही. इंजिन वेगळे, कूलर वेगळा, घाट वेगळा. तो आपल्याच वह्यांतून काढावा लागेल. म्हणून वाचकांना विनंती आहे. स्कॅनर असलेल्यांनी पुढचे दोन महिने गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक बीएस-6 पिकअपची नोंद ठेवावी: मॉडेल आणि वर्ष, किलोमीटर, माल भरलेली की रिकामी, घाट की सपाट रस्ता, कूलंटचे तापमान, ऑइलचे तापमान स्कॅनरवर मिळत असेल तर ते, आणि ऑइल कूलर किंवा ईजीआर कूलर आधी बदलला असल्यास कधी. गाडीचा नंबर आणि मालकाचे नाव लिहू नये. चांगल्या गाड्यांची नोंदही तितकीच हवी, नाहीतर बिघडलेला आकडा कशाशी ताडून बघायचा? नोंदी कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवाव्यात, हाताने लिहिलेल्या चालतील. जमलेला तक्ता मॉडेलवार छापू, मग त्या मॉडेलची जाहिरात आपल्या अंकात असो वा नसो.