३.२ षटकांचा धडा

ऑनलाइन शिकवणीत खेळ आणा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: पोरे आधीच मोबाइलवर क्रिकेट बघत बसतात, आता अभ्यासाच्या नावाखाली तेच दाखवायचे का? नागपूरच्या कळमन्यात पालकही हेच म्हणतात आणि शिक्षकही. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बाजार समितीत पहाटेपासून पोती वाहणाऱ्या बापाने पोटाला चिमटा घेऊन फोन घेतला असेल, तर त्या फोनवर काय चालले आहे हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण खेळ बघणे वेगळे आणि खेळातून शिकणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली आहे.

१० नोव्हेंबर २०१९ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारताचा गोलंदाज दीपक चहर याने ७ धावांत बांगलादेशचे ६ गडी बाद केले. षटके टाकली ३.२. नववीच्या मुलाला विचारा, त्याने षटकामागे किती धावा दिल्या? घाईतले मूल ७ ला ३.२ ने भागते आणि २.१९ सांगते. धावफलकावर मात्र २.१० असते. मूल अडते, चिडते, पुन्हा भागाकार करते. मग ध्यानात येते की हे टिंब दशांशचिन्ह नाहीच. ३ षटके आणि २ चेंडू, म्हणजे २० चेंडू. षटक ६ चेंडूंचे, म्हणून ती झाली ३ पूर्णांक एक तृतीयांश षटके. २ तास २० मिनिटे म्हणजे २.२० तास का नव्हेत, हेही त्याच दमात उलगडते. फळ्यावर चारदा सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे मूल स्वतः शोधून काढते, कारण धावफलक खोटा असेल असे त्याला वाटतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. गणितात आंब्यांऐवजी धावा घातल्या म्हणून शिक्षण बदलत नाही, तो नुसता मुलामा. अगदी खरे! बरोबर उत्तराला चेंडू सीमापार धाडणारी रंगीत अ‍ॅप्स मलाही नकोत. त्यात खेळ नाही आणि गणितही नाही. मी म्हणतो ते उलट आहे: आकडे मुलांनी मैदानावर स्वतः मिळवायचे.

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण आहे. एकाने चेंडू सरळ वर फेकायचा. दुसऱ्याने फोनच्या स्टॉपवॉचवर, चेंडू हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंतचा वेळ मोजायचा. २ सेकंद भरले तर १ सेकंद वर जाण्याचा, १ खाली येण्याचा. गुरुत्व त्वरण ९.८ धरा, हवेचा विरोध सोडून द्या. चेंडू हाताच्या वर ४.९ मीटर गेला आणि सुटताना त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर होता. आता तीच फेक पुन्हापुन्हा करा. कधी १.८ येईल, कधी २.१. फेक कमी-जास्त होते, बटण दाबणारे बोट उशीर करते. मग कुठला आकडा खरा? सरासरी का काढायची, हा प्रश्न मुलाच्या तोंडून येतो. पुस्तकातल्या उदाहरणात बोट कधी उशीर करत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न उगवतही नाही.

पडद्यावर खेळ कसा शिकवणार, हा तिसरा आक्षेप. पडद्यावर शिकवायचाच नाही! ऑनलाइन म्हणजे तासभर कॅमेऱ्यासमोर बसणे, ही २०२० च्या टाळेबंदीत अंगवळणी पडलेली समजूत टाकून द्यायला हवी. घरात फोन एकच, तो दिवसभर बापाबरोबर मार्केटात. अशा घरी सकाळी अकराचा लाइव्ह तास म्हणजे गैरहजेरीची हमीच. संध्याकाळी पाच मिनिटांची चित्रफीत येऊ द्या, दुसऱ्या दिवशी मैदानात मोजमाप वहीत होऊ द्या, आणि रात्री त्या पानाचा फोटो शिक्षकाकडे जाऊ द्या. पडदा पाच मिनिटे, मैदान पाऊण तास. मूल बसून राहील ही भीतीही त्यातच मिटते.

आणि हे नागपूरला नवे नाही. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ने पुढे फुटबॉलच्या खेळांतूनच गणित आणि इंग्रजी शिकवायचा उपक्रम चालवला. २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे बारसे महाराष्ट्राला ठाऊक झाले, पण त्या कामातला गणिताचा भाग आपल्या शाळांनी उचलला नाही. क्रीडागुण देऊन दहावीचा निकाल वाढवणे आपल्याला जमते, खेळातून धडा उलगडणे मात्र जमत नाही.

क्रिकेट, फुटबॉल ज्यांना नको त्यांचे काय? याच शहराच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळाचे रेटिंग हे संभाव्यतेवरच उभे आहे: ४०० गुणांचा फरक असला की वरच्या खेळाडूकडून साधारण ११ पैकी १० गुणांची अपेक्षा धरतात. आणि बुद्धिबळ तर ऑनलाइनच रोज खेळले जाते. कबड्डीचे पुरुषांचे १३ बाय १० मीटरचे मैदान चुन्याने आखताना चारही कोपरे काटकोनी आहेत का, हे पायथागोरसच सांगतो, कर्ण १६.४ मीटर भरला पाहिजे.

व्याकरण, नागरिकशास्त्र असे काही विषय या वाटेने फारसे पुढे जाणार नाहीत. तिथे ओढाताण करू नये.

नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आज वर्गाच्या ग्रुपवर व्याख्यानाची लिंक टाकू नका. चहरचे आकडे टाका, षटकामागे धावा विचारा, आणि २.१९ लिहिणाऱ्या मुलाला लगेच चूक सांगू नका. त्याला रात्रभर धावफलकाशी भांडू द्या.