कमलापूरला जा, पण चौकशी करून



हत्ती पाहायला जानेवारीत कमलापूरला जावे, हा आपल्या अंकातील सल्ला मला पटला नाही. अहेरी तालुक्यातला (जि. गडचिरोली) हा राज्यातला एकमेव शासकीय हत्तीकॅम्प. तिथे थंडीत हत्तींचे ‘चोपिंग’ असते. वनौषधींचा गरम लेप लावून पाय शेकतात, म्हणजे तळव्यांना भेगा पडत नाहीत. त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांना बंद असतो. आमच्या दिंडोरीहून अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा, तर आधी सिरोंचा वनविभागाकडे विचारावे.

आणि पाठीवर बसण्याचा हट्ट मुलांना कृपया शिकवू नका! हत्ती म्हणजे खेळणे नव्हे; साखळदंडात जखडलेल्या, जोतिबा देवस्थानच्या ‘सुंदर’ हत्तीला २०१४ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवावे लागले, ते मी विसरलेलो नाही.

– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)