भिंतीवरची शिंगं आणि घाईत बोललेलं खोटं



परवा आपल्या एका ताईंनी काचिगुड्यातल्या जुन्या वाड्याचा फोटो टाकला. आजोबा आरामखुर्चीत, मागे भिंतीवर दोन काळविटांची मुंडकी. खाली सगळ्यांनी ‘काय थाट होता’ असं लिहिलं. माझ्या मनात मात्र आधी आलं, यांचं सर्टिफिकेट आहे का? छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, दुसरं काय सुचणार! पण सवयीपेक्षा मोठं कारण आहे. ते आजवर इथे लिहिलं नव्हतं.

आमचे मोठे काका, अण्णा, निजामाच्या महसूल खात्यात होते. परभणी-नांदेडकडे नेमणूक असताना शिकारीला जायचे. तेव्हा तो गुन्हा नव्हता, परवाना असायचा. आपल्या वनस्थळीपुरमचं हरणांचं उद्यानही निजामाच्या शिकारीचंच रान होतं. अण्णांनी मारलेल्या एका काळविटाचं मुंडकं आमच्या बैठकीत होतं. मुलं त्याच्या शिंगांना टोप्या अडकवायची.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. अशा वस्तू तीस दिवसांत जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. आमच्या घरात कुणाला पत्ताच नव्हता. पुढे २००३ मध्ये सरकारने आणखी एकदा दार उघडलं, १८० दिवसांची मुदत दिली. त्याची बातमी मी स्वतः शाखेत बसून वाचली होती. ‘एवढ्या जुन्या शिंगांना कोण विचारतंय’ म्हणून पेपर घडी करून ठेवला. दुसऱ्याच्या कर्जाच्या फाइलीत एक सही कमी असली तर परत पाठवणारा मी!

दादा, म्हणजे अण्णांचे चिरंजीव, वारले. वाडा मोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. पुतण्याने जुनं सामान विकायच्या अ‍ॅपवर मुंडक्याचा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. ती वनखात्याची माणसं निघाली.

पोरगा घाबरला. म्हणाला, ‘जुमेरात बाजारातून घेतलं.’ त्याला वाटलं, घराण्याचं नाव वाचलं. झालं उलटंच. विकत घेणं हा वेगळा गुन्हा. मग कुणाकडून, कधी, किती पैशांना, आणखी काय घेतलंस, अशी माळ लागली. त्याने मला फोन केला. मी काय सांगावं? ‘काही बोलू नको, चहापाण्याचं बघ, मिटून जाईल.’ हे वाक्य मी बोललो, मंडळी. लाच देऊ बघणं हा आणखी एक गुन्हा, हे मला पुतण्यापेक्षा जास्त कळत होतं.

सावरलं ते वहिनींनी. वय अठ्ठ्याहत्तर, मराठी शाळेत तीस वर्षं नोकरी झालेली. त्या म्हणाल्या, ‘पोरगा घाबरून बोलला. हे आमच्या सासऱ्यांनी मारलं. कागद नाही, पण फोटो आहे.’ पेटीतून फोटो काढला, पाठीमागे अण्णांच्या अक्षरात सन १९५१. पंचनामा तेलुगूत होता. ‘मला वाचता येत नाही, शेजारचे राव येतील, वाचून दाखवतील, मग सही करीन,’ असं शांतपणे सांगितलं. साहेब थांबले. चांगले होते बिचारे, कामच करत होते. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, चहा नाही. मुद्दाम नाही, असं त्या पुढे सांगायच्या.

फोटोचा उपयोग झाला. पण पोराचं पहिलं वाक्य कागदावर आलं होतं. ते खोडायला सहा वर्षं तारखा पडल्या. शेवटी सुटला; मधल्या काळात ठरत आलेलं एक लग्न मोडलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की घरात अशी वस्तू असली, किंवा नकळत चूक झाली असली, तर गोष्ट रचू नये. या कायद्यात वस्तू तुमच्याकडे सापडली की ती बेकायदा आहे असंच आधी धरतात. नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची. सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याने तुमच्यासमोर नोंदवलेली साक्ष कोर्टात चालते. तेव्हा माहीत असेल तेवढं खरं सांगा, नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ म्हणण्यात उद्धटपणा नाही. खोटं बोलणं आणि गप्प बसणं यातला फरक आपल्या लोकांना कळत नाही, आपण सरळ पहिल्यावर जातो.

आणि मुसीत टाकून द्या, गच्चीवर जाळा, असले सल्ले देणारे काका प्रत्येक घरात असतात. ऐकू नका.

काहीजण म्हणतील, कागद असला की झालं. तसंही नाही. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे अवनी वाघीण मारली, ती सरकारने बोलावलेल्या आपल्या हैदराबादच्याच शिकाऱ्याच्या मुलाने. सरकारी आदेश निघालेला होता. तरी व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीत पशुवैद्य बरोबर का नव्हता हा प्रश्न निघालाच.

आपल्या घरांत शिकारीचं नाव नसलं तरी वस्तू असतात. बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख, मुंजीतल्या मृगाजिनाचा तुकडा, आजोबांचं जपाचं व्याघ्रांबर. यातलं काही विकू नका, भाचीला भेट म्हणूनही देऊ नका, फोटो तर टाकूच नका. देवघरातल्या मोरपिसाला घाबरू नका, त्याला कायद्यात सूट आहे. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाने आली तर नव्वद दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते. नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन सरकारजमा करता येते, पैसे मिळत नाहीत. प्रमाणपत्रच नसेल त्यांना मात्र माफीची हमी नाही. त्यांनी आधी वकील गाठावा, मग लेखी अर्ज. मी असतो तर अर्जच केला असता. पोरांच्या डोक्यावर ठेवून जाण्यापेक्षा बरं.

फोटो टाकणाऱ्या ताईंना मी फोन केला होता. त्यांनी फोटो काढून टाकला आणि वडिलांची ट्रंक उघडली. प्रमाणपत्र निघालं, वडिलांच्या नावाचं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, नव्वद दिवस केव्हाच उलटले. गुरुवारी वकिलांना घेऊन सैफाबादला अरण्य भवनात उशिराचा अर्ज द्यायला जाणार आहेत. मीही बरोबर जातोय.