मला, मले आणि माले

चाळिशी उलटल्यावर माणसाला दोन गोष्टी मिळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक कायमची नोकरी आणि दुसरा पासपोर्ट. दोन्हींना विशीतला जीव लागतो. मला मात्र या दोन्ही गोष्टी सवा वर्षाच्या आत मिळाल्या. आणि या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, माझ्याकडे सुखसुद्धा कधी एकटे येत नाही. येताना अर्ज, झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर घेऊन येते.

नोकरीचे आधी सांगते. जळगावात चौदा वर्षे मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवले. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की सारे अध्यापक आनंदाने घरी जातात, आणि आमच्यासारख्यांचा पगारही त्यांच्याबरोबर सुट्टीवर जातो. अशी चौदा वर्षे काढल्यावर गेल्या जूनमागच्या जूनमध्ये पूर्णवेळ नेमणुकीचा कागद हाती आला. ह्यांनी पेढे आणले, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि मग कागद नीट वाचला. कॉलेज धुळ्याचे होते!

जळगाव आणि धुळे म्हणजे एकाच खानदेशाच्या घरातले दोन भाऊ. 1906 साली सरकारने त्यांना पूर्व आणि पश्चिम असे वेगळे काढले. भाऊ वेगळे निघाले की मधली वाट मोडते म्हणतात, ते आगगाडीच्या बाबतीत तरी खरे आहे. धुळ्याचा फाटा 1900 साली चाळीसगावला जोडला गेला. त्यामुळे रुळावरून जळगावहून धुळ्याला जायचे तर आधी चाळीसगावला वळसा घालायचा. म्हणून सारी मदार रस्त्यावर. पाळधी, एरंडोल, पारोळा करीत सुमारे 90 किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी तेवढेच परत यायचे.

सकाळी साडेपाचला डबा, सहाला एस. टी. स्टँड. 2023 पासून राज्यात बायकांना एस. टी.चे अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा 'हाफ तिकीट' झाले. खिडकी मिळाली तर ऊन लागते आणि नाही मिळाली तर शेजारणीची पिशवी लागते. रस्त्याचे रुंदीकरण कित्येक वर्षे चालले होते. तेव्हा बसलेल्या हिसक्यांची पाठीला अजून आठवण आहे. पदर सारखा करून वर्गात शिरावे, फळ्याकडे वळावे, तर मागून एखादी मुलगी हळूच सांगणार, "मॅडम, पाठीला धूळ शे." धुळे हे नाव कशावरून पडले याच्या निरनिराळ्या व्युत्पत्ती आहेत, माझ्यापुरती ती मी पाठीवर वागवते.

पण या प्रवासात एक करमणूक आहे. जळगावच्या स्टँडवर कानांवर 'मले' पडते. 'मले दोन तिकिटं द्या.' पारोळा ओलांडून गाडी धुळ्याकडे लागली की त्याच 'मले'चे 'माले' झालेले असते. इकडे तापीकाठची लेवा बोली, तिकडे अहिराणी. आणि या दोन्हींच्या मधोमध, पर्स पोटाशी धरून, माझे पुस्तकातले 'मला' अंग चोरून बसलेले असते. माझे माहेर नाशिकचे. त्यातून मराठीची एम. ए. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा आपण इथे शुद्ध भाषेचा दिवा घेऊन आलो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या दिव्याचा चटका कोणाला बसला, ते पुढे येईलच.

नव्या नोकरीला वर्ष होते न होते तोच एक पत्र आले. मॉरिशसमध्ये मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ऑगस्टात आठ दिवसांचे शिबिर होते. त्यासाठी दोन-चार जणांत माझेही नाव होते. घरात पुन्हा पेढे. मग कागदांची वारी सुरू झाली. नवी नोकरी, परिविक्षेचा काळ, त्यात भर सत्रात रजा! 'ना हरकत' मिळवायला जितक्या हरकती निघाल्या, तितक्या मला माझ्या लग्नातही आठवत नाहीत. पासपोर्टाच्या वेळी तर कमालच झाली. एका दाखल्यावर माझ्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ए' कमी, दुसऱ्यावर एक जास्त. टेबलामागचे गृहस्थ दोन्ही कागद समोर धरून म्हणाले, "बाई, यातल्या तुम्ही नक्की कोण?" उभा जन्म मराठीत काढलेल्या बाईची ओळख एका इंग्रजी स्वरापाशी अडली होती. प्रतिज्ञापत्र करून तो 'ए' मी कायदेशीर करून घेतला.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाई एक डबा घेऊन आल्या. आत ज्वारीच्या बिबड्या होत्या. पंखासारख्या पातळ, तीळ लावलेल्या. मी म्हटले, "अहो आई, मोडतील त्या. शिवाय तिथे काय मिळत नाही?" त्या काही बोलल्या नाहीत. डबा बॅगेत माझ्या साड्यांच्या घडीत ठेवून निघून गेल्या. त्यांचे न बोलणे माझ्या इतके अंगवळणी पडले होते की त्यात काही वेगळे आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

मुंबईहून सहा-साडेसहा तासांचे विमान. घड्याळ दीड तास मागे करायचे. उतरले तर थंडी! तिकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, हे भूगोलात वाचलेले होते. पण जळगावच्या माणसाच्या बॅगेत भूगोल शिरत नाही, स्वेटर तर नाहीच. ते बेट उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर लांब आहे. मनात हिशेब केला आणि हसू आले. म्हणजे मी रोज सकाळी एक आख्खा देश ओलांडून, वर पंचवीस किलोमीटर जास्त जाऊन तास घेते! मुख्य बेटाचे क्षेत्रफळही आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याइतके. पण त्या एवढ्याशा जागेत घरात क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, कचेरीत इंग्रजी आणि देवळात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषा नांदतात. नाण्याला मात्र रुपयाच म्हणतात.

पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट पाहिला. 2006 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून करारावर माणसे आणायला सुरुवात झाली आणि पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासकडून, आणि काही मुंबई बंदरातून. त्या मुंबईकडच्या जहाजांत आपल्या कोकणातली माणसे होती. बोटीतून उतरून ती माणसे ज्या दगडी पायऱ्या चढली, त्या अजून आहेत. माझ्या हातात दोन शिक्क्यांचा पासपोर्ट होता. त्यांच्या हातात एक नंबर आला होता. आडनावातल्या 'ए'चे दुःख मी तिथल्या तिथे समुद्रात सोडले.

शिबिरातले शिक्षक हुशार आणि हौशी होते. तिथल्या शाळांत मराठी शिकवले जाते, गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिकडे 'झाकरी' होऊन अजून नाचते. मी मोठ्या उत्साहाने ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती, प्रमाण उच्चार असे सगळे शिकवले. पाचव्या दिवशी एका शिक्षिकेने पश्चिम किनाऱ्याकडच्या आपल्या गावी जेवायला नेले. घरात तिची आजी होती. नव्वदीच्या घरातली. "आमच्यात अस्सल मराठी हिचीच," नात कौतुकाने म्हणाली. "आजी, या मॅडम भारतातून आल्यात. बोल ना!"

आजी माझ्याकडे पाहून हसली. हात जोडले. मग नातीच्या कानाशी क्रिओलमध्ये काहीतरी पुटपुटली आणि आत निघून गेली.

"काय म्हणाल्या?"

नात ओशाळली. "म्हणते, मोठ्या शाळेच्या बाई आहेत. माझी मराठी मोडकी. चूक काढतील."

मी हसून "छे छे!" म्हणाले खरी, पण ती पाठमोरी आजी स्वयंपाकघराच्या दारातून आत जाताना मी पाहिली आणि घास हातातच राहिला. ही पाठ माझ्या ओळखीची होती. मान किंचित खाली, पदर डाव्या हाताने सावरलेला, आणि पावलांचा आवाज होणार नाही अशी चाल. जळगावच्या माझ्या घरात, पाहुणे आले की, गेली अकरा वर्षे मी हीच पाठ पाहत आले होते.

अकरा वर्षांपूर्वी आमचा चिरंजीव चार वर्षांचा होता. कॉलेजातली मंडळी चहाला आली होती. तो धावत आला आणि म्हणाला, "मले बी बिस्कीट!" सगळे हसले. मी त्याचा कान धरला. "मले नाही रे, मला म्हणावं! गावंढळासारखं कुठून शिकतोस?" कुठून शिकला ते सर्वांना ठाऊक होते. ती व्यक्ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सासूबाईंचे माहेर यावल तालुक्यातले; जन्मभर त्यांनी 'मले'च म्हटले. त्यांनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या. त्यानंतर पाहुण्यांसमोर त्या 'हो', 'नाही' आणि 'बसा' यापलीकडे कधी गेल्या नाहीत. मला वाटे, स्वभाव अबोल आहे.

आणि या अकरा वर्षांत मी बाहेर काय करीत होते? वर्गावर्गात बहिणाबाई शिकवीत होते! आसोद्याची ती निरक्षर बाई. तिच्या ओव्या मुलाने उतरून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि 1952 साली, तिच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी, पुस्तक निघाले. 2018 साली आमच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर ते छापून येते. तिच्या 'मले'वर मी पन्नास मिनिटे रसाळ व्याख्यान देत असे आणि घरी येऊन त्याच 'मले'चा कान धरीत असे. ज्या धुळ्यात मी नोकरी करते, तिथेच 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे वारले. जुन्या कागदांसाठी तो माणूस गावोगाव वणवण हिंडला. माझ्या घरात तर एक सबंध दप्तर रोज चूल पेटवत होते. मीच त्याला बोलू नको म्हणून बजावले होते.

जेवण झाल्यावर मी बॅगेतून बिबड्यांचा डबा काढला आणि आत गेले. निम्म्या मोडल्या होत्या. आजीने एक तुकडा उचलला, उजेडात धरला. मी म्हटले, "माझ्या सासूबाईंनी केल्यात. त्यापण माझ्यासमोर बोलत नाहीत. मी चुका काढते म्हणून." आजीने माझ्याकडे टक लावून पाहिले, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ बराबर हाय." नंतर तासभर ती बोलत होती. त्यातले काही मला कळले, काही नाही. एकही चूक मी काढली नाही. खरे सांगायचे तर कोणती चूक आणि कोणता दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द, हे सांगण्याची माझी लायकी नव्हती.

घरी आल्यावर माफी वगैरे मागावी असे मनात होते. पण अकरा वर्षांची माफी एकदम मागायला तोंड उघडत नाही. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि म्हटले, "आई, बिबड्यांची कृती सांगा ना. तुमच्या शब्दांत. मी लिहून घेते."

त्यांनी संशयाने वहीकडे पाहिले. "आता काय मले परीक्षेले बसाडते?"

वहीत त्या दिवशी एवढे एकच वाक्य उतरले.

धुळ्याची एस. टी. तशीच आहे, धूळही तशीच आहे. मागच्या आठवड्यात वह्या तपासताना एका मुलीच्या निबंधात 'माले वाटते' असे आले. परीक्षेत तिचे गुण जाऊ नयेत म्हणून बाजूला 'मला' लिहिले, ते लिहायलाच हवे. पण 'माले'वर काट मारली नाही. समासात लिहिले, "घरी असेच बोल."

आणि परवाच्या रविवारी दिवाळीची तयारी म्हणून चकलीची भाजणी मळायला घेतली होती. चिरंजीवांचे चार मित्र बाहेर बसलेले. सासूबाई पहिला घाणा काढीत होत्या. पोरे दारात गोळा झाली. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "आई, मले बी एक द्या."

क्षणभर झाऱ्यासकट सारे थांबले. मग सासूबाईंनी पाच परक्या कानांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात, माझ्याकडे वळून म्हटले,

"अवं, असं तोडून काय बोलते? 'मलेबी' म्हन. एका दमात!"

मी म्हटले. दुसऱ्या खेपेला बरोबर आले. मग चकली मिळाली.